खालचा सा

असे उंबऱ्यापाशी का थबकलात? आत या. चटईवर जागा आहे, आणि पंख्याचा वारा त्या कोपऱ्यापर्यंत बरोबर पोचतो. बाळाला मांडीवर घ्या, रडलं तरी चालेल. कीर्तनात रडलेली पोरंच पुढं गातात, असं आमचे वडील म्हणायचे. आता बसलातच आहात तर एक गोष्ट सांगते. गोष्ट देवाची नाही, पण घडली देवासमोर. तिच्यात चुकलं कोण, ते मात्र एवढ्यात ठरवू नका. मलाच ते ठरवायला फार वेळ लागला.

दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती, आणि माझी बोटं पेटीवर ठरत नव्हती.

नांदखोलच्या राममंदिराचा सभामंडप गच्च भरला होता. चैत्राचं ऊन माडाच्या झापांच्या मांडवातून ठिपके ठिपके होऊन बायकांच्या डोक्यांवर पडत होतं. डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष, मध्ये पांढऱ्या चादरीची घडी अंथरलेली. ती नारदाची गादी. तिच्यावर चौदा वर्षांचा दत्ताराम गोरिवले उभा. धोतर त्याला दोनदा खोचावं लागलं होतं, आणि पगडी घसरू नये म्हणून तिच्यात मी वर्तमानपत्राची घडी घातली होती. हातात चिपळ्या. गेल्या आठ दिवसांत त्यानं तोंडातून एक शब्द काढलेला नव्हता.

"बाई, सूर द्या की," तबल्यावरचे बाळा गुरव कुजबुजले. "देव जन्माला येईल नि आपण अजून हातोडीच ठोकत असू."

मी काळी चार दाबली, त्याची नेहमीची उंच पट्टी. दत्तारामनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी टाळली आणि खांबावरच्या घड्याळाकडं पाहू लागले.

रामजन्माच्या कीर्तनाला एक धाक असतो बघा. एरवीची कीर्तनं बुवांच्या मर्जीनं संपतात, हे घड्याळाच्या मर्जीनं. बाराच्या ठोक्याला पाळण्याची दोरी हललीच पाहिजे. कीर्तनकाराला ठसका लागला म्हणून देव काही थांबत नाही. शिवाय आमच्या देवळाचा जुना दंडक होता: गादीवर जो उभा राहिला तो त्या वेळेपुरता साऱ्या गावाचा वडील. वयानं, जातीनं कुणी का असेना. आणि एकदा उभा राहिला की आरती होईपर्यंत त्यानं खाली बसायचं नाही.

मी त्या वेळी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवत होते. सदतीस वर्षांची, एकटी, माहेर सांगलीकडचं. वडील नावाजलेले कीर्तनकार, म्हणून हातात पेटी होती. नांदखोलची पोरं वर्गात तोंड उघडायची नाहीत. उत्तर येत असलं तरी मान खाली. म्हणून मी शनिवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात कीर्तनवर्ग काढला. म्हटलं, चारचौघांत उभं राहून गायला शिकली की बोलायलाही शिकतील. पाच पोरं यायची. त्यात दत्ताराम. त्याची आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायची, बाप कधीच वारला होता. पाचवीत असताना हा हजेरीला 'हजर' इतक्या हळू म्हणायचा की मी त्याची दोनदा गैरहजेरी मांडली होती.

पण गायला लागला, आणि काय सांगू! गळ्यातून सूर असा निघायचा की शेजारच्या वर्गातले मास्तर खडू खाली ठेवायचे. अकराव्या वर्षी मी त्याला रामजन्माला उभा केला. पुढची दोन वर्षंही तोच. पंचक्रोशीतून माणसं यायला लागली. पोरगा ताठ चालायला लागला, शाळेत निवडणुकीला उभा राहिला, वर्गप्रमुख झाला. "पुढं मास्तर होणार," म्हणायचा. बाकीची चार पोरं मागे उभी राहून झांजा वाजवायची आणि पालुपद धरायची. त्यातली सुगंधा घवाळी बाहेर एवढी तोंडाळ, की बाजारात मासळीवाल्या तिच्याशी घासाघीस करायला भ्यायच्या. पण झांज हातात आली की नुसते ओठ हलवायची. मी कधी तिच्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. मला गरजच नव्हती.

मग फाल्गुन आला. होळीनंतरच्या शनिवारी दत्ताराम वरच्या सुराला गेला, आणि कौलावरून नारळ घरंगळावा तसा त्याचा आवाज खाली आला.

सुगंधा फिसकन हसली. "काय रे, गिळलास काय सूर?"

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मी पोरांना घरी पाठवलं आणि त्याला थांबवून घेतलं.

"कधीपासून?"

"पंधरा दिस झाले, बाई." बोलतानाही आवाज मध्येच जाडा, मध्येच किरटा. "यंदा मना नका उभा करू."

"अरे, सगळ्याच मुलांचा फुटतो. बसेल."

"कधी?"

"बसेल रे."

"रामजन्माच्या आदी?"

मला ठाऊक होतं, बसणार नाही. कीर्तनकाराच्या घरात वाढलेली मी. महिने जातात, कधी वर्ष जातं. पण मी म्हणाले, "ज्याचं कार्य आहे तो राम सांभाळेल."

तो काही वेळ चिपळीचा गोंडा कुरतडत बसला. मग म्हणाला, "आनि नाय सांभाळलान तर? बाई, मी सांगतो तुमाला. त्या दिवशी माजं हसं झालं तर मी शाळेत नाय येनार. मामाच्या होडीवर जाईन. आवाज नाय तर मी कोन? परत पाठीमागल्या बाकावरचा दत्तू."

तेव्हाच त्याला सोडायला हवं होतं. नाहीतर पट्टी तरी उतरवायला हवी होती. बाळा गुरवांना आडून विचारलंही, जरा खालच्या पट्टीत करायचं का. ते उसळले. "तबला म्हणजे काय चुलीवरचं पातेलं, हवं तेव्हा उतरवा? खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा तबला लागतो. देवळात हा एकच. आणि उतरवायचं कशाला? काळी चारमध्येच तर त्याचा आवाज घंटेसारखा वाजतो!"

निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. वरती ठळक अक्षरांत: रामजन्माचे कीर्तन, बालकीर्तनकार दत्ताराम गोरिवले. मी कुणाला काही सांगितलं नाही. ज्येष्ठमध आणलं, खडीसाखर आणली, आणि पाडव्याच्या दिवशी त्याला बोलावून सांगितलं, "आजपासून नवमीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. गळ्याला पूर्ण आराम. काही लागलं तर पाटीवर लिही."

तो निमूट 'हो' म्हणाला. त्यानंतर बोललाच नाही.

आता बघा, गाव ते गाव. पाडव्याला सुरू होणारं चैत्राचं नवरात्र, आणि रामजन्माचं कीर्तन करणारा मुलगा पाडव्यापासून गप्प. कुणी विचारलं तर पाटी पुढं करून नुसता हात जोडतो. तिसऱ्या दिवशी गावात झालं: दत्तारामनं मौनव्रत धरलंय! चौथ्या दिवशी विहिरीवर एक म्हातारी त्याच्या पाया पडली. पाचव्या दिवशी देवळाचे व्यवस्थापक तात्या सोहोनी शाळेत आले, डोळे पाणावलेले. "बाई, धन्य तुमची. या वयात असं अनुष्ठान! यंदा दोन गावं जास्त बोलावली आहेत."

मी काय म्हणाले असेन? "रामाची कृपा," म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

सहाव्या दिवशी त्याची आई आली. पार्वतीबाई. काजूच्या चिकानं काळी पडलेली बोटं पदरात लपवून दारातच उभी. "बाई, माजं पोर मुकं झालंय हो. रात्रभर कूस बदलतंय. लोक त्येच्या पाया पडतात आनि मना रडू येतं. त्येला यंदा नका उभा करू."

"आता तीन दिवस राहिले, पार्वतीबाई. आता कसं मागे यायचं?"

"तुमी शिकलेल्या," एवढंच म्हणाली आणि गेली. मला तीनही दिवस जेवण गोड लागलं नाही. तरी मी कुणाशी बोलले नाही.

तर, दहा वाजून पस्तीस मिनिटं.

नमन खालच्या सुरांत होतं, ते निभावलं. पूर्वरंगात गाणं कमी, निरूपण जास्त. आवाज घोगरा येत होता, पण लोकांना वाटलं आठ दिवसांचं मौन सुटतंय. माणसं गहिवरून ऐकत होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी तात्यांनी त्याला हार घातला, बुक्का लावला, गादीपुढं डोकं टेकलं. आता उत्तररंग. कौसल्येच्या महालाचं आख्यान. पहिलंच पद वरच्या सुरावर उचलायचं.

त्यानं तोंड उघडलं आणि आवाज फाटला. अगदी धुतलेलं लुगडं काट्यावर फाटतं तसा, लांबलचक.

मी काय केलं सांगते. भाता जोरात दाबला, पेटी मोठी केली, आणि त्याची ओळ मीच म्हणायला लागले. लोकांना वाटलं असेल, बाई साथ करतात. मी साथ करत नव्हते, मी झाकत होते. डोळ्यांनी त्याला खुणावलं: पुन्हा घे. त्यानं पुन्हा घेतली. या वेळी मधोमध चिरकला.

"आये, दत्तूदादाच्या गळ्यात बेडूक!" एक चिमुरडं ओरडलं.

सारा मंडप हसला. हसू वाईट नव्हतं, मायेचंच होतं. पण चौदाव्या वर्षी हसणं ते हसणं. घड्याळात सव्वाअकरा. आता हा चिपळ्या टाकून पळणार, मागल्या दारानं, सरळ खाडीवर, मामाच्या होडीवर. मी उठायच्या बेतात होते.

तो पळाला नाही. गादीवरून न उतरता, नुसता वाकून त्यानं माझ्या पेटीच्या भात्यावर हात ठेवला.

"बाई, भाता मिटा."

"दत्तू, अरे लोक..."

"मिटा."

मी मिटला. तबला आपोआप थांबला. तात्या सोहोनी उभे राहिले. "अरे, हे काय चाललंय? बाई, वेळ चाललाय! दुसऱ्या कुणाला तरी..."

"तात्या, खाली बसा," बाळा गुरव म्हणाले. "गादीवर तो आहे. आरतीपर्यंत तो सांगेल ते. दंडक तुमच्याच आजोबांनी घातलाय, मी नाही."

तात्या बसले. दत्तारामनं उपरण्यानं तोंड पुसलं. मग जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. मुलाचा नव्हे, पुरुषाचाही नव्हे. खरबरीत, पण त्याचा.

"मंडळी, आदी एक सांगायचंय. मी मौनव्रत नाय केलं. माजा आवाज फुटलाय. तो लपवायला मी आठ दिस गप होतो. जे पाया पडले त्येंनी माफ करा. विहिरीवरची आजी बसलेय तिथं, तिनं तर पयली."

कुजबूज उठली. लपवायला कुणी सांगितलं, ते त्यानं सांगितलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. मी पेटीमागे बसून होते. तोंड होतं मलाही, पण ते उघडलं नाही.

"आता गानं नाय होनार," तो म्हणाला. "गोष्ट सांगतो."

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. मी घोटून घेतलेलं आख्यान नव्हे. माझ्या आख्यानात महाल होते, रत्नांचे दिवे होते. याच्या गोष्टीत एक दार होतं. दाराच्या आत बायका, बाहेर दशरथ.

"राजाला कोन काय सांगत नाय," तो म्हणाला. "आत कौसल्यामाय कण्हते, हा भायेर फेऱ्या मारतोय. मुकुट घातलाय. त्येचा काय उपेग? दासी येते, हंडा घेऊन जाते. राजा इचारतो, 'काय गो?' ती म्हनते, 'बाजूला व्हा.' राजाला! 'बाजूला व्हा' म्हनते!"

बायकांमध्ये खसखस पिकली. पदर तोंडाला लागले.

"मना ठावं हाय ते कसं असतं. मागच्या वर्सी श्रावणात माजी मावशी बाळंत व्हायला आमच्याकडं आली. मी पडवीत. मना वाटायचं, मी मोठा कीर्तनकार, लोक हार घालतात. आत मावशी वरडत होती आनि माजा एक सूर कामाचा नव्हता. सुईन भायेर आली, म्हनली, 'बघत काय ऱ्हायलायस, पानी आन.' मी पानी आनलं. परत म्हनली, 'आन.' परत आनलं. सात हंडे आनले. त्या दिवशी मी तेवढंच कीर्तन केलं."

आता कुणी हसलं नाही. पार्वतीबाई डावीकडच्या खांबाला टेकून बसली होती. तिनं बोटं पदराबाहेर काढली होती.

दशरथाच्या फेऱ्या मंडपात ऐकू येत होत्या जणू. तो बोलता बोलता गादीवरच दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं करत होता. माणसं पुढं सरकून बसली. माझा जीव मात्र घड्याळात. अकरा चाळीस. अकरा पन्नास. जन्माचं पद राहिलं होतं. ते गाण्याशिवाय पाळणा हलत नाही, आणि त्याचा शेवट वरच्या षड्जाला. ते पद मी त्याच्याच आवाजासाठी बांधलं होतं:

उन्हाच्या ऐन माथी,
सावली जन्मा आली.

अकरा त्रेपन्नला तो बोलायचा थांबला. मागे वळला.

"सुगंधे, पद तू म्हन."

सुगंधाच्या हातातल्या झांजा एकमेकींवर आपटल्या. "मना नाय येत."

"येतंय."

"नाय येत, म्हनलं ना! बाई, सांगा ओ त्येला."

"बाईंना काय इचारतेस? तीन वर्सं माज्या पाठीमागं ओठ हलवतेस, ते काय सुपारी चघळतेस?"

पुरुषांकडून हशा आला. सुगंधा लाल झाली. तिच्या त्या तोंडाळ चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. ती हळू म्हणाली, पण मला ऐकू आलं, "माजा पन फाटला तर?"

"फाटू दे. मी खालून धरतो. तू वर जा. दमलीस तर खाली ये, मी हाय." मग बाकीच्या तिघांकडं बघून, "तुमी पन. एकेक ओळ. जयवंता, तू दुसरी. पळू नकोस, धोतर धरीन."

पेटीनं सूर द्यायचा म्हणून मी भात्याकडं हात नेला. त्यानं मानेनंच नको म्हटलं. डोळे मिटले, आणि छातीतून एक सूर काढला. खालचा सा. किती खाली! त्याला स्वतःलाही तो ठाऊक नसावा, चाचपडत पायरी शोधावी तसा त्यानं तो शोधला आणि सापडल्यावर तिथं उभा राहिला. नंतर मी पेटीवर ताडून पाहिलं, काळी एक होती. माझ्या हिशोबात ती पट्टी नव्हतीच.

बाळा गुरवांनी तबला बाजूला सारला आणि नुसता डग्गा पुढं ओढला. "चला," म्हणाले, "यालाही काम मिळालं."

सुगंधानं पहिली ओळ म्हटली ती जवळजवळ बोलल्यासारखी. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा सुरात होती. जयवंत एकदा चुकला, कुणी हसलं नाही. मग चौघं मिळून. खाली दत्तारामचा सा तसाच, जमिनीसारखा. अकरा एकोणसाठला सुगंधानं डोळे मिटले आणि 'जन्मा आली' वर नेलं. आवाज थरथरला. एक क्षण वाटलं, गेला. तिनं खाली पाय टेकला, खालच्या सुरावर, तो तिथं होताच, आणि पुन्हा वर गेली. या वेळी पोचली.

बाराचे ठोके. तात्यांनी दोरी ओढली. गुलाल उडाला, घंटा सुरू झाल्या, बायका रडत होत्या. मी सुखानं रडत होते की शरमेनं, देव जाणे.

आरती झाली. मग रीत अशी की सगळ्यांनी गादीवरच्या माणसाच्या पाया पडायचं. रांग लागली, पण तात्या सोहोनी रांगेत आले नाहीत. ते बाजूला दोन-तीन वडीलधाऱ्यांशी बोलत होते, आणि आवाज चढला होता. "ते सगळं ठीक. पण व्रताचं सोंग? साऱ्या गावाला फसवलं पोरानं. चौदाव्या वर्षी हे, तर पुढं काय? पुढच्या वर्षीपासून हा वर्ग देवळात नको."

दत्तारामनं ते ऐकलं. मान हळूहळू खाली जाऊ लागली, पाचवीतल्यासारखी.

त्या वेळी मात्र मी उठले. म्हणाले, "तात्या, त्यानं नाही फसवलं. मी फसवलं."

"बाई, तुम्ही उगाच..."

"आवाज फुटलाय हे मला होळीपासून माहीत होतं. तो नको म्हणत होता. त्याची आई माझ्या दारात येऊन नको म्हणाली. गप्प राहा असं मी सांगितलं. लोक व्रत म्हणाले, ते मी ऐकून घेतलं. तुम्ही शाळेत आलात तेव्हा माझ्या तोंडून खरं निघालं नाही. काय बोलायचं ते मला बोला."

मी गादीपुढं गेले आणि दत्तारामच्या पायांवर डोकं ठेवलं. तीन वर्षं रीत म्हणून ठेवत आले होते. त्या दिवशी उठायला वेळ लागला.

"उठा बाई," तो घाबरून म्हणाला. "लोक बघतात."

"बघू देत."

दुपारी पंगती उठल्यावर तो मला देवळामागच्या तळ्यापाशी सापडला. पगडी काढून पायरीवर बसला होता, कपाळावर तिची लाल रेघ उमटलेली. मी शेजारी बसले. तोच म्हणाला:

"बाई, तुमी कदी गादीवर उभ्या ऱ्हायलात?"

"नाही."

"का? तुमाला तर सगळं येतं."

"वडील म्हणायचे, मुलीनं पेटी धरावी. गादीवर मुलगी शोभत नाही."

"आनि वडील गेल्यावर?"

तळ्यात कुणीतरी पत्रावळ टाकली होती, ती फिरत होती.

"त्यानंतर तू होतास," मी म्हणाले.

त्याला किती कळलं कोण जाणे. तो उठला, पगडी माझ्या हातात दिली. "पुढच्या वर्सी सुगंधा करील," म्हणाला. "तिला आतापास्नं सांगून ठेवा, नायतर ऐन टायमाला 'नाय येत' करील."

"आणि तू? होडीवर?"

"सोमवारी शाळा हाय ना?" असं म्हणून तो घाटाच्या पायऱ्या चढून गेला.

पुढच्या वर्षी सुगंधा उभी राहिली. नांदखोलच्या गादीवर उभी राहिलेली ती पहिली मुलगी. तात्यांनी तोंड वाकडं केलं, पण हार घातला. त्याच्या पुढच्या वर्षी मीही उभी राहिले, एकदाच. कीर्तन बरं झालं, फार नाही. दत्ताराम पुन्हा गादीवर कधी गेला नाही. आवाज पुढं छान बसला, भरदार झाला, मी कितीदा म्हटलं, पण नाही. दहावी झाला, बारावी झाला, मास्तर काही झाला नाही. मामाच्या होडीवर गेलाच शेवटी, पण हसं झालं म्हणून नव्हे. समुद्र आवडला म्हणून. तांडेल झाला, स्वतःची होडी केली, वीस माणसं त्याच्या शब्दावर जाळी टाकायची. नवमीच्या आदल्या दिवशी मात्र होडी कुठंही असो, किनाऱ्याला लागायची. दर वर्षी नवं पोर गादीवर, कुणी थरथरणारं, कुणी 'मना नाय येत' म्हणणारं, आणि त्याच्या पाठीमागे हा, काळ्या दगडासारखा, डोळे मिटून खालचा सा धरून. पोर चुकलं तरी याचा सूर हलायचा नाही. तेहतीस वर्षं, मला सोडून बत्तीस पोरं. त्यातली काही शिक्षक आहेत, एक वकील आहे, एक एसटीत कंडक्टर आहे आणि उत्तम कीर्तन करते. निमंत्रणपत्रिकेवर त्या तेहतीस वर्षांत त्याचं नाव एकदाही आलं नाही. मी छापायला सांगितलं होतं. तोच प्रेसवर जाऊन खोडून आला.

गेल्या मार्गशीर्षात काविळीनं गेला. पन्नाशीही नव्हती. यंदाच्या नवमीला मागे ती जागा रिकामी असेल, आणि पोरं घाबरलेली आहेत. मला कळतंय, कारण मीही घाबरले आहे.

नवमीला तुम्ही तिकडं देवळात बसणारच आहात मांडवात. बाराला पाच कमी असताना पद सुरू होईल, आणि गादीवरचं पोर वरच्या सुरापाशी चाचपडेल. तेव्हा त्याच्याकडं एकटक बघू नका. डोळे मिटा, आणि मागे जो उभा असायचा त्याचं नाव घ्या. दत्ताराम गोरिवले, पार्वतीबाईंचा मुलगा, नांदखोलचा. आत्ता एकदा माझ्याबरोबर म्हणा, म्हणजे ऐन वेळी आठवेल.